विमान शिकणारी लेक परगावी मुक्काम का करते?

प्रश्न : आम्ही सांगलीचे. मुलगी गोंदियाला वैमानिकाचे शिक्षण घेते आहे. सुरुवातीला ती तिथल्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालायची, तेव्हा मला फारशी काळजी नव्हती. आता आज जबलपूर, उद्या रायपूर असे सुरू झाले आहे, तेही एकटीने. डिसेंबरात तर एकदा नागपूरला उतरली आणि रात्री तिथेच राहिली. नागपूरहून गोंदिया रेल्वेने दोन-अडीच तासांवर. ‘गाडीने परत का आली नाहीस?’ विचारले, तर म्हणते, ‘आई, विमान सोडून कशी येऊ?’ शिकायचे एका गावात, मग हे गावोगाव फिरणे कशाला? हल्ली सिम्युलेटर असताना प्रत्यक्ष जायची गरज काय? आणि विमान कंपनीत लागल्यावर तरी ती एका जागी राहील ना? – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन गाठी आहेत : लेक बाहेर का जाते, बाहेर गेल्यावर अडकते का, आणि नोकरीत हे थांबेल का. एकेक सोडवू. पहिली सुटली की उरलेल्या दोन सैल होतील.

गोंदियातल्या घिरट्यांना वैमानिक ‘सर्किट’ म्हणतात. उड्डाण करायचे, धावपट्टीला समांतर आयताकृती फेरी मारायची आणि पुन्हा उतरायचे. यात विमान हातात बसते. पण प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या वैमानिकाचे काम एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप पोचण्याचे आहे. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, व्यावसायिक परवान्यासाठी नुसते 200 तासांचे उड्डाण मागत नाही. त्यातले किमान 100 तास विमानाचा प्रमुख म्हणून आणि किमान 50 तास प्रमुख म्हणूनच गावाबाहेरच्या प्रवासाचे, ज्याला ‘क्रॉस-कंट्री’ म्हणतात, असावे लागतात. शिवाय एक प्रवास किमान 300 नॉटिकल मैलांचा, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरचा लागतो. त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून विमान पूर्ण थांबवायचे असते. चाके टेकवून लगेच वर उचलले, तर ते मोजत नाहीत. तेव्हा मुलगी हौस म्हणून फिरत नाही, हे पहिले समजून घ्या. हे फिरणे झाल्याशिवाय परवानाच नाही.

हा नियम घालणाऱ्यांच्या मनात काय असेल? गोंदियाची धावपट्टी तिच्या अंगवळणी पडली आहे. कोणत्या झाडापाशी वळायचे, कोणत्या शेतावर आल्यावर वेग कमी करायचा, रेडिओवरचा आवाज कुणाचा, सगळे ठाऊक. या ओळखीच्या आधारावर माणूस उत्तम उतरतो आणि त्याला वाटते, आपल्याला उतरता येते. विहिरीत पोहायला शिकलेल्याला नदीची ओढ कळत नाही, तसेच हे. अनोळखी धावपट्टी रुंद असेल तर आपण आहोत त्यापेक्षा खाली आलो असे डोळ्यांना वाटते, अरुंद असेल तर उलटे वाटते. हा भास पुस्तकात वाचून कळतो, पण जात नाही. चार वेगळ्या ठिकाणी उतरल्यावरच डोळा त्याला फसेनासा होतो.

आता नकाशा घ्या आणि गोंदिया, जबलपूर, नागपूर हा त्रिकोण काढा. गोंदिया ते जबलपूर सुमारे 100 नॉटिकल मैल, जबलपूर ते नागपूर 137 च्या आसपास, नागपूर ते गोंदिया साधारण 74. बेरीज 300 च्या थोडी पुढे जाते. कोणती संस्था कोणता मार्ग निवडते हे तिच्या सोयीवर असते, पण हा त्रिकोण समजायला फार चांगला आहे. गोंदियाहून उत्तरेला निघाले की थोड्या वेळात डावीकडे बालाघाट दिसते. मग सातपुड्याचे डोंगर आणि जंगल. इथे खूण म्हणून धरावे असे मोठे गाव नाही, त्यामुळे होकायंत्र आणि घड्याळ यांवर भिस्त. जबलपूरहून परतताना बरगीचा विस्तीर्ण जलाशय, नंतर शिवनी, त्यापुढे पेंचचे जंगल आणि उजव्या हाताला तोतलाडोहचे पाणी. नागपूरहून गोंदियाकडे येताना तर हावड्याला जाणारा रेल्वेमार्ग जवळजवळ सोबतच चालतो आणि वैनगंगा आडवी येते. विद्यार्थी निघण्यापूर्वी यातली प्रत्येक खूण नकाशावर नोंदवतो आणि तिथे किती वाजता पोचायला हवे ते समोर लिहून ठेवतो. खूण वेळेवर आली तर सगळे ठीक. नाही आली, तर वारा अंदाजापेक्षा वेगळा आहे किंवा आपण वाट सोडली आहे.

वारा किती फरक पाडतो, याचा हिशेब करून पाहा. सेसना 172 सारखे शिकाऊ विमान साधारण 110 नॉटने, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या आसपास जाते. जबलपूर-नागपूर टप्पा त्या वेगाने सव्वा तासाचा. समोरून 20 नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग 90 नॉटवर येतो आणि त्याच अंतराला दीड तास लागतो. पाव तास वाढला म्हणजे इंधन वाढले, आणि पुढे पोचायची वेळ सरकली. जीपीएस असताना ही आकडेमोड कशाला, असे पुष्कळांना वाटते. जीपीएस आपण कुठे आहोत हे सांगते. पुढच्या टप्प्याला निघावे की थांबावे, हे ते सांगत नाही. ते ठरवायला हीच आकडेमोड लागते, आणि ती मनातल्या मनात, विमान चालवता चालवता करायची असते.

तुमच्या पत्रातला ‘एकटीने’ हा शब्द मला दोनदा वाचावासा वाटला, कारण काळजी तिथे आहे. विमानात ती एकटी असते, हे खरे. पण तिच्या पाठीशी किती जण असतात ते ऐका. प्रशिक्षकाने त्या दिवशीचे हवामान, तिचे नियोजन आणि इंधनाचा हिशेब तपासून सही केल्याशिवाय ती निघत नाही. ज्या मार्गावर ती एकटी जाते, तिथे आधी प्रशिक्षकाबरोबर असा प्रवास केलेला असतो. उड्डाणाचा आराखडा, म्हणजे फ्लाइट प्लॅन, आधी दाखल होतो. त्यावर हवाई संरक्षणाच्या दृष्टीने परवानगीचा एक क्रमांक घ्यावा लागतो. वैमानिक त्याला ‘एडीसी’ म्हणतात. तो नसेल तर रडारवर तिचे विमान म्हणजे एक अनोळखी ठिपका. वाटेत हवाई वाहतूक नियंत्रकांशी रेडिओवर बोलणे चालू असते. आणि अपेक्षित वेळ उलटून 30 मिनिटांत विमानाचा पत्ता लागला नाही, तर चौकशीची पहिली पायरी नियमानेच सुरू होते. कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

बाहेर गेल्यावर पहिला व्यावहारिक प्रश्न इंधनाचा. पुष्कळांची समजूत असते की विमानतळ आहे म्हणजे विमानाचे इंधन असणारच. मोठी जेट आणि टर्बोप्रॉप विमाने ज्यावर चालतात ते एटीएफ रॉकेलच्या जातीचे असते. सेसनासारख्या पिस्टन इंजिनाच्या विमानाला अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानासाठीचे खास पेट्रोल लागते, आणि ते सगळीकडे मिळत नाही. आपल्याकडे ते कित्येक वर्षे आयात होत असे. इंडियन ऑइलने देशात तयार केलेले अ‍ॅव्हगॅस 2022 साली बाजारात आणले. तरी ते जागोजाग मिळत नसल्यामुळे विद्यार्थी जाऊन परत येण्यापुरते आणि वर राखीव, एवढे इंधन घरूनच घेऊन निघतो. सेसना 172 च्या टाक्यांत वापरता येईल असे सुमारे 200 लिटर मावते. वरचा त्रिकोण त्यात आरामात होतो. पण वाटेत मोठा वळसा पडला किंवा एखाद्या ठिकाणी हवेत थांबून राहावे लागले, तर ‘पुढच्या गावात भरून घेऊ’ ही सोय नाही. काही संस्थांकडची नवी डिझेल जातीची शिकाऊ विमाने एटीएफवर चालतात, त्यांना हा प्रश्न कमी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आणले होते. परगावी इंधन कुठून येणार, हा प्रश्न आपल्या नागरी विमानसेवेच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. गोंदियाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर आहे. पण मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू साडेचार हजार फुटांवर असते, म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीवर. इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढ मंदावतो. त्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या झोतांनी लहान विमान खूप हादरते. म्हणून उन्हाळ्यात ही मुले पहाटे उठून तांबडे फुटण्याची वाट पाहतात आणि दहा-अकराच्या आत परतायला बघतात. पाऊस सुरू झाला की दिवसचे दिवस विमाने हँगरमध्येच. दिवाळीनंतरचे महिने त्यातल्या त्यात चांगले. त्यामुळे बाहेरच्या फेऱ्या त्या काळात भराभर उरकतात, आणि तुमच्या लेकीचा नागपूरचा मुक्कामही त्यातलाच.

आता त्या मुक्कामाकडे येऊ. इथे दोन वेळा जुळवायच्या असतात. डोळ्यांनी बाहेर पाहत करायच्या उड्डाणाला आपल्याकडे सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपर्यंतच मुभा असते. काही सवलती आहेत, पण त्या विमानतळाच्या परिसरातल्या आणि खास परवानगीच्या सरावापुरत्या. गोंदिया सांगलीच्या बरेच पूर्वेला आहे. डिसेंबरात तुमच्या अंगणात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर गोंदियात साडेपाचलाच. तुम्हाला फोनवर ‘अजून ऊन आहे की’ असे वाटत असेल, तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते. म्हणजे पावणेसहाच्या आत तिचे विमान जमिनीवर असायला हवे.

नागपूर ते गोंदिया हवेतून चाळीसेक मिनिटे. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरण्यासाठीची फेरी धरली तर जवळजवळ तास. पावणेपाचच्या पुढे निघण्यात अर्थ नाही, आणि संस्था बहुधा त्याहून आधीची वेळ घालून देतात. आता कल्पना करा, ती साडेतीनला निघायच्या तयारीत आहे. नागपूरला प्रवासी विमानांची ये-जा आहे. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांकडून हवेचे भोवरे मागे राहतात आणि लहान विमान त्यात सापडले तर उलटू शकते, म्हणून दोन-तीन मिनिटांचे अंतर राखावेच लागते. उतरतानाही सेसना 65 नॉटच्या आसपास येते आणि एअरबस त्याच्या दुप्पट वेगाने, तेव्हा नियंत्रक आधी मोठ्यांना वाट देतो. त्यात उशीर होऊन परवानगीच्या क्रमांकाची मुदत टळली तर तो नव्याने घ्यायचा. असे करता करता साडेचार वाजतात. गोंदिया फार लांब नाही, मनात घरची ओढ आहे, रात्रीच्या कपड्यांची पिशवीसुद्धा सोबत नाही. नेमक्या या क्षणी ‘आज नाही, उद्या सकाळी’ असे म्हणता येणे, ही या शिक्षणातली सर्वांत अवघड परीक्षा आहे. परत पोचण्याच्या घाईत मावळत्या उजेडात किंवा बिघडत्या हवेत निघालेले वैमानिक जगभर अपघातांत सापडले आहेत, आणि त्यांत अनुभवी माणसेही होती. ताई, तुमची मुलगी नागपूरला थांबली. मी तिचा प्रशिक्षक असतो तर त्या संध्याकाळी मला तिच्याविषयी सगळ्यात जास्त भरवसा वाटला असता.

मग रेल्वेने का आली नाही? तुमचा हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो अगदी सरळ आहे. उत्तर असे की एकट्याच्या उड्डाणात ती विमानाची प्रमुख असते आणि विमान जमिनीवर उभे असले तरी ती जबाबदारी संपत नाही. रात्री वारा सुटला तर हलके विमान सरकते, म्हणून ते पंखांपाशी आणि शेपटीपाशी दोराने बांधायचे, चाकांना अडसर लावायचे, आतून सुकाणू जखडायचे. वेग मोजणाऱ्या नळीत किडे घर करतात, तिच्यावर टोपी घालायची. सकाळी टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात रात्रीच्या दवाचे पाणी तर नाही ना, ते पाहायचे. हे सगळे करून ती सातच्या सुमारास निघायला मोकळी. गोंदियाला गेली असती तर पहाटेची गाडी पकडून पुन्हा नागपूर, म्हणजे झोप अर्धी. अपुऱ्या झोपेने विमानात बसू नये, हेही तिला शिकवलेलेच आहे.

परगावी अडकणे हा काही नवशिकेपणा नव्हे. 1929 साली आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी 500 पौंडांचे बक्षीस लावले. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते आणि 17 वर्षांचा अस्पी इंजिनियर उलट दिशेने इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला उतरले तेव्हा जे. आर. डींना अस्पी तिथे खोळंबलेला दिसला, कारण स्पार्क प्लग बिघडले होते आणि जादाचे जवळ नव्हते. जे. आर. डींनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पी थोड्या तासांनी पुढे राहिला आणि बक्षीस त्याने जिंकले. पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

रात्रीची भीती मात्र मनातून काढून टाका. रात्री एकटीने अनोळखी विमानतळावर उतरायला तिला या टप्प्यावर कुणी सांगत नाही. परवान्यासाठी रात्रीचे काही तास लागतात, त्यांतली उड्डाणे आणि उतरणे ओळखीच्या धावपट्टीवर होतात. गावाबाहेरच्या प्रवासाच्या परीक्षा दोन असतात. दिवसाची 250 नॉटिकल मैलांची, तीत दुसऱ्या विमानतळावर उतरावे लागते. रात्रीची 120 नॉटिकल मैलांची, तीत मधे कुठेही न उतरता निघाल्या जागी परत यायचे, आणि शेजारी परीक्षक बसलेला असतो.

सिम्युलेटर हे सगळे शिकवू शकत नाही का? काही गोष्टी तो प्रत्यक्षापेक्षा चांगल्या शिकवतो. ढगात बाहेरचे काही न दिसता केवळ यंत्रे वाचत जाणे, इंजिन बंद पडणे, हे तिथे बिनधोक घडवता येते, आणि अशा सरावाचे थोडे तास परवान्यासाठी धरलेही जातात. पण सिम्युलेटरमध्ये सूर्य खरोखर मावळत नाही. तिथे चुकीचा निर्णय घेतला तर प्रशिक्षक बटण दाबून पुन्हा सुरुवात करतो. नागपूरच्या त्या संध्याकाळी तिला जे ठरवावे लागले, त्याचे वजन खोलीत बसून जाणवत नाही.

कधी कधी एकटा विद्यार्थी नव्हे, तर अख्खी शाळाच बाहेरगावी जाते. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे, केंद्र सरकारची, 1985 साली स्थापन झालेली. तिथे हिवाळ्यात दाट धुके पडते आणि विमाने जमिनीला खिळतात. यावर उपाय म्हणून अकादमीला तुमच्या लेकीच्या गोंदियाला आणि कर्नाटकात कलबुर्गीला उपकेंद्रे चालवण्याची परवानगी मिळाली, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी इकडचे आकाश निरभ्र. गोंदियाची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. आता उत्तरेतली मुले तिथे येऊन शिकतात. जर्मनीच्या लुफ्तान्साने आपले शिकाऊ वैमानिक वर्षानुवर्षे अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातल्या वाळवंटात पाठवले, जपान एअरलाइन्सने कॅलिफोर्नियातल्या नापाला. कारण तेच : स्वच्छ हवा आणि मोकळे आकाश. महाराष्ट्रातली पुष्कळ मुले अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडला जातात, तेही काही अंशी यासाठीच. तास तिकडे लवकर भरतात. परत आल्यावर मात्र इथल्या परवान्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा आणि चाचण्या द्याव्याच लागतात.

खर्चाचे तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो, कारण ते आधी विचारलेले बरे. डीजीसीएमान्य प्रशिक्षण संस्थांच्या विमानांना उतरण्याचे शुल्क सर्वसाधारणपणे माफ असते. पण परगावी मुक्काम पडला तर राहण्या-जेवणाचा खर्च कुणाचा, विमान तिथे नादुरुस्त झाले तर विद्यार्थ्याला परत आणण्याची व्यवस्था कोण करतो, बाहेरच्या फेऱ्या शुल्कात धरल्या आहेत की वेगळ्या, हे प्रत्येक संस्थेत निराळे. लेखी विचारा. आणि मुलीच्या पिशवीत नेहमी एक कपड्यांचा जोड, दात घासण्याचा ब्रश, थोडी रोख रक्कम, ओळखपत्र आणि फोनचा चार्जर असू द्या, अगदी दुपारी परत यायचे असले तरी. ती उडत असताना फोन लागणार नाही. उतरल्यावर विमान बांधून, आगमन कळवून, कागद पुरे करून ती मोकळी व्हायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. तेवढा वेळ धरून मगच फोनची वाट पाहा.

शेवटची गाठ नोकरीची. इथे तुम्हाला बरे वाटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही, पण खरे सांगतो. व्यावसायिक परवाना मिळाला म्हणजे एअरबस किंवा एटीआर चालवता येते असे नाही. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळे शिक्षण, ज्याला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात, ते घ्यावे लागते. त्यासाठीचे पूर्ण हलणारे सिम्युलेटर फार महाग असतात, म्हणून ते गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, हैदराबाद, बेंगळुरू अशा मोजक्या ठिकाणी आहेत. एवढे महाग यंत्र रिकामे ठेवत नाहीत. मध्यरात्रीची पाळीही लागते, आणि दोन शिकाऊ वैमानिक मिळून एका वेळी चारेक तास आत असतात. हे आठवडे परगावच्या खोलीतच जातात. त्यानंतर प्रवासी नसलेल्या खऱ्या विमानात गर्दी कमी असलेल्या विमानतळावर उड्डाण-उतरण्याचा सराव, आणि मग अनुभवी प्रशिक्षक कॅप्टनशेजारी बसून नेहमीच्या प्रवासी फेऱ्या. या काळात मुलगी आज कुठे, उद्या कुठे, हे घरच्यांना पाठ ठेवता येत नाही.

नोकरीत पक्की झाली की कंपनी तिला एक ‘होम बेस’ नेमून देते. तिची ड्युटी साधारणपणे जिथून सुरू होते आणि जिथे संपते, ते शहर. होम बेस म्हणजे आपले गाव, असा इथे सर्वांचा गैरसमज होतो. जागा कंपनीच्या विमानांच्या गरजेप्रमाणे ठरते, वैमानिकाच्या माहेराप्रमाणे नाही. मागणी करता येते, मिळेलच असे नाही. मधले मुक्काम कंपनीच्या खर्चाने हॉटेलात होतात. दुसऱ्या गावाहून विमान घ्यायचे असेल तर कंपनी तिला प्रवासी म्हणून तिकडे पाठवते, आणि विमानात नुसती बसून गेली तरी तो वेळ ड्युटीत मोजला जातो, विश्रांतीत नाही. नियम याबाबत स्पष्ट आहेत. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती डीजीसीएने 36 तासांवरून 48 तासांवर नेली, ती जुलै 2025 पासून लागू झाली.

मात्र एक फरक आत्ताच ध्यानात घ्या. होम बेस मुंबई मिळाला आणि ती सांगलीला राहिली, तर सांगली-मुंबई प्रवास तिचा स्वतःचा. तो ड्युटीत धरत नाहीत. रात्रभर बसने येऊन पहाटे विमानात बसणे चालणार नाही, कारण ड्युटीवर ताजेतवाने हजर राहण्याची जबाबदारी तिची आहे. म्हणून बहुतेक तरुण वैमानिक बेसच्या शहरात, विमानतळापासून जवळ खोली घेतात आणि सुट्टीला गावी येतात. पुण्याला बेस मिळाला तर सांगलीकरांना सोयीचे. बेस निवडायचा अर्ज भरताना तिने ते नाव वर लिहावे, एवढे तुम्ही नक्की सुचवू शकता.